कलाक्काची थोरली

जर्मन भाषेतलं एकच वाक्य मला बिनचूक येतं. ‘वो इस्ट डेर बानहोफ?’ म्हणजे, रेल्वे स्टेशन कुठे आहे? तरुणपणी पुण्यात खोली घेऊन मी जर्मन शिकलो, त्याची ही एकूण कमाई. दुभाषा व्हायचं आणि परदेशी पाहुण्यांना अजिंठा-वेरूळ दाखवत हिंडायचं असा माझा बेत होता. प्रत्यक्षात सोलापुरात भूगोलाचा मास्तर झालो आणि जन्मभर जर्मनी नकाशावर छडीने दाखवली. तरीही सात रस्त्याजवळच्या आमच्या कॉलनीत ‘सरांना जर्मन येतं’ अशी माझी ख्याती होती. ती पसरवली कलाक्काने. मी ती कधी खोडून काढली नाही. फुकटची ख्याती कोण सोडतो?

कलाक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या नामदेव मिस्त्रींची बायको. माहेर वैरागचं. अंगाने शेलाटी, आवाजाने दणकट. वयाने माझ्याहून मोठी, म्हणून सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करायचो. एके दिवशी तिने मला दारातच अडवलं.

“सर, अक्का बी म्हनता आन् अहो बी म्हनता. दोन्हीतलं कायतर एक धरा की.”

मी अक्का धरलं. तेव्हापासून ती मला ‘तुमी’ म्हणायची आणि मी तिला ‘तू’. बाहेरून आलेल्यांना हा उलटा कारभार पाहून नवल वाटायचं.

तर कलाक्काने माझी जर्मनची ख्याती पसरवली, कारण तिच्या घरात एक जर्मन बाई राहत होती. भिंतीवर. तैलरंगातली.

ती घरात आली ती खोक्यातून. मिस्त्री टॉवेलच्या कारखान्यात फिटर होते. मालकांनी जर्मनीतून जुने माग विकत आणले, ते जाडजूड लाकडी खोक्यांत बंद होऊन आले. अशा खोक्यांची लाकडं कामगार घरी नेतात. आमच्या अर्ध्या कॉलनीचं फर्निचर त्यातूनच झालंय. माझ्या पुस्तकांच्या कपाटावर अजूनही उघड्या छत्रीचं चित्र आहे. माल पावसात भिजवू नका, अशी ती सूचना. सोलापुरात ती पाळायला फार कष्ट पडत नाहीत. त्या वेळी एका खोक्यात यंत्र आणि फळी यांच्या मधे, धक्का बसू नये म्हणून, घोंगडीसारख्या कापडात गुंडाळून हे चित्र खुपसलेलं होतं. मालकांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, “घेऊन जा कुणीतरी.” मिस्त्रींचा डोळा चौकटीवर गेला. चौकट सोनेरी होती, तिच्यात आरसा बसवायचा आणि आतलं कापड न्हाणीघराच्या खिडकीला मारायचं, असा हिशेब करून ते चित्र आडवं बगलेत धरून घरी आले.

मी तेव्हा ओट्यावर पेपर वाचत होतो, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. कलाक्का पीठ मळता मळता दारात आली आणि तिथेच थांबली.

“आवं, बाईमानूस हाय ती. आडवी काय धरलीया? आदी उभी करा तिला.”

मिस्त्रींनी चित्र दरवाजाला टेकवून उभं केलं. गळ्यापर्यंत बंद काळा पोशाख, गळ्याशी पांढरी लेस, फिकट चेहरा, लांब सरळ नाक आणि समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघणारे डोळे. एक हात दुसऱ्या हातावर. मनगटाला काळी फीत आणि तिच्यात बसवलेलं काहीतरी लांबट गोल. कलाक्काने हात धुतले, आतून कुंकवाचा करंडा आणला आणि त्या गोऱ्यापान कपाळावर बोट टेकवलं.

“अगं, जुनं रंगकाम असतंय ते,” मिस्त्री म्हणाले.

“असू दे की. बाई घरात आली, तिला कुकू लावल्याबिगर कशी ऱ्हाऊ देऊ? येवड्या लांबनं आलीया.”

हा कलाक्काचा नियम होता. तिच्या घरात आलेली बाई उघड्या कपाळाने उंबरा ओलांडून बाहेर जायची नाही. भाजीवाली असो, मतदारयादीवाली असो की पत्ता चुकलेली असो. यात ‘सवाष्ण’ हा शब्द गृहीत होता. तो इतका गृहीत होता की कोणी तो कधी उच्चारलाच नाही. चित्रातली बाई खिडकीला लागायची ती अशी भिंतीला लागली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चौकटीवर काच बसवली, म्हणजे रोजच्या कुंकवाने चित्र खराब व्हायला नको. पण पहिल्या दिवसाचा ठिपका काचेखाली राहिला तो राहिलाच.

मग मला बोलावणं आलं. चौकटीच्या तळाशी पितळेची बारीक पट्टी होती आणि तिच्यावर नाव होतं. ते जुन्या, जाड, वेलबुट्टीच्या अक्षरांत. मला त्यातलं एकही अक्षर लागेना. पण मागे मिस्त्री, कलाक्का आणि दारात समोरच्या घरातल्या राजमाने काकू अशी मंडळी जमलेली. मी चष्मा पुसला, पट्टीवरून बोट फिरवलं आणि पोशाखाकडे बघून ठोकून दिलं, “मोठ्या घराण्यातली आहे. सरदार घराणं.”

“बघा,” कलाक्का मिस्त्रींना म्हणाली, “आन् तुमी तिला न्हानीला मारत हुता.”

“आणि हे मनगटावर घड्याळ,” मी अंगात आल्यासारखा पुढे बोललो. “त्या काळी तिकडे श्रीमंत बायका घड्याळ बांधायच्या.”

सरदार घराण्याचा अंदाज पुढे खरा निघाला. माझ्या जर्मनचा तेवढाच एक विजय. घड्याळाचं नंतर सांगतो.

कलाक्काने तिचं नाव ठेवलं थोरली. “माज्या आदी जल्माला आली, मोट्या घरची हाय, मंग थोरलीच की.” मिस्त्री मित्रांना डोळा मारून सांगायचे, “आमच्यात दोन हायत. एक बोलती आन् एक बगती.” कलाक्का दिवसभर थोरलीशी बोलायची. आमच्यातली भिंत पातळ असल्यामुळे मला तो संवाद घरबसल्या ऐकायला मिळायचा. “थोरले, आज पान्याचा वार हाय, टाकी भरस्तवर मी भायेरच.” “थोरले, तुज्या नाकाला धूळ बसलीया बग. नाक हाय का नांगराचा फाळ!” उखळात शेंगाची चटणी कुटायची तीही थोरलीच्या समोर बसून, आणि झाली की एक वाटी आमच्याकडे. वाटी परत द्यायला गेलं की आत डोकावून बघायची. रिकामी असली तर म्हणायची, “सुनंदे, रिकामी वाटी आनतीस व्हय? चार शेंगा तरी टाक की.” सुनंदा म्हणजे आमची बायको. मी मात्र नेहमी रिकामीच वाटी न्यायचो, कारण पुरुषाला हा नियम लागू नाही अशी माझी सोयीस्कर समजूत होती.

कलाक्काला कोणाला नाही म्हणायचं असलं की ती ते थोरलीवर ढकलायची. विम्याचा माणूस आला की थोरलीला पटत नसे. भिशीवाल्या बाईला थोरली हसली नाही म्हणून परत पाठवलं. एकदा शाळेच्या प्रदर्शनासाठी मी ते चित्र चार दिवस मागितलं. ‘आपल्या शहरातील युरोप’ असा फलकही तयार करून ठेवला होता. कलाक्का भिंतीकडे वळली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “न्हाई म्हनती.” त्यावर मी अर्धा तास वाद घातला. तिसऱ्याच वाक्याला माझ्या लक्षात आलं की मी कलाक्काशी नव्हे तर चित्राशी भांडतोय, पण तोवर माघार घेणं जमेना.

रेखाची, म्हणजे कलाक्काच्या एकुलत्या मुलीची, सोयरीक ठरली तीही थोरलीच्या समोरच. सांगोल्याची पार्टी होती. डाळिंबाची बाग, माणसं बरी. मला ‘शेजारचे सर’ म्हणून शोभेला बसवलं होतं. मुलगा थोरलीच्या बरोब्बर समोर बसला आणि तिच्या नजरेखाली त्याला शेंगापोळीचा घास गिळवेना. मुलाचे मामा टोपी सारखी करत भिंतीकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “ह्या कोन म्हनायच्या?”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी शेंगापोळीकडे पाहिलं.

“आमच्यातल्या थोरल्या बाई,” कलाक्का म्हणाली.

“गाव कुटलं?”

“जर्मनी.”

मामांनी थोडा वेळ विचार केला. “लई लांब दिली म्हनायची पोरगी.”

“दिल्याली न्हाई. आल्याली हाय.”

मामा उठले, त्यांनी टोपी काढली आणि चित्रापुढे दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मग सगळ्या पाहुण्यांनी केला. मग नाइलाजाने मिस्त्रींनी केला आणि त्यांच्यामागे मीही. लग्नात मानपानाच्या यादीत ‘थोरल्या बाई’ हे नाव मामांनी आपणहून घातलं. खण-नारळ आला. कलाक्काने तो खण चौकटीवर पांघरून फोटो काढायला लावला. त्या फोटोत थोरली सोडून सगळे हसतायत.

आता घड्याळाची गोष्ट.

कारखान्यात पुढे आणखी माग आले आणि ते जोडून द्यायला जर्मनीहून एक इंजिनिअर आला. मिस्त्री त्याला घेऊन एका दुपारी घरी आले. “त्येच्या गावची बाई आपल्यात हाय, दाखवाय नको?” घरात संक्रांतीचं हळदी-कुंकू चालू आहे हे ते साफ विसरले होते. आत कॉलनीतल्या सगळ्या बायका, नवी लुगडी, तिळगूळ, आणि मधोमध हा दरवाज्याला डोकं टेकणारा लालबुंद माणूस. कलाक्का जागची हलली नाही. “बसा म्हनावं. पाव्हना हाय.” मग भिंतीवर थाप मारून मला हाक आली, “सर, या की हिकडं! तुमचा मानूस आलाय!”

सुनंदाने मला ढकलत ढकलत शर्ट बदलायला लावला. मी गेलो. बायकांच्या नजरा माझ्यावर. ज्या दिवसासाठी आयुष्यभर ख्याती सांभाळली तो हा दिवस. मी छाती भरून घेतली आणि विचारलं, “वो इस्ट डेर बानहोफ?”

त्याने अत्यंत आदराने उत्तर दिलं. इंग्रजीत. “मला माहीत नाही, मी कारने आलो.”

बायकांना वाटलं, सरांनी काहीतरी भारी विचारलं आणि जर्मन माणसाला इंग्रजीत यावं लागलं. पुढे आम्ही दोघं आपापल्या इंग्रजीत बोललो. कलाक्काने त्याला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली होती. त्याने एक घास खाल्ला, डोळे पुसले, आणि मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. तो उठून उभा राहिला. पट्टीवरचं नाव त्याने मोठ्याने वाचलं. उमराव घराण्यातली स्त्री, तो म्हणाला. मी सगळ्यांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग तो म्हणाला, काळा पोशाख हौसेचा नव्हे, दुखवट्याचा आहे. आणि मनगटावर आहे ती नवऱ्याची छोटी तसबीर. नवरा गेला की अशा घरच्या बायका ती हाताला बांधत.

दुभाष्याचं काम भाषांतर करण्याचं. मी ते केलं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात केलं, वर नवरा लढाईत पडला असावा अशी पदरची भरही घातली. “म्हणजे ही विधवा आहे,” असा समारोप करून मी बायकांकडे वळलो.

दरवर्षी कलाक्का पहिलं हळदी-कुंकू थोरलीला लावायची आणि मग बाकीच्यांना. त्या दिवशीही लावून झालं होतं. राजमाने काकूंचा हात आपल्या कपाळाकडे गेला आणि मधेच थांबला. “म्हणजे इतकी वर्षं आपण...” एवढंच त्या म्हणाल्या. कोणीतरी पदर सावरला. इंजिनिअर मला हळूच विचारू लागला की मी काही चुकीचं बोललो का. मी त्याला म्हटलं, तू नाही.

कलाक्का उठली. करंडा उघडला. काचेवर होतं त्याच ठिकाणी, होतं त्याहून मोठं कुंकू तिने लावलं. आणि मग बायकांकडे वळून म्हणाली, “नवरा मेला म्हून कपाळ मेलं व्हय तिचं? पुडं बसा. वान घ्या.”

वाण म्हणून स्टीलच्या चाळण्या होत्या, चांगल्या जाड. थोडी चुळबुळ झाली, पण चाळणी सोडून कोणी उठलं नाही. राजमाने काकूंनीही घेतली. इंजिनिअरला एक दिली. त्याने ती दोन्ही हातांनी धरून थोरलीसमोर मान लववली. हे मात्र मला अजून आठवतं आणि बरं वाटतं.

संध्याकाळी भिंतीपलीकडून मिस्त्रींचा आवाज आला. “दुपारचं झ्याक बोललीस. मी गेल्यावर बी असंच बोल म्हंजे झालं.”

“जिबंला काय हाड हाय का न्हाई तुमच्या!” कलाक्का कडाडली, आणि पुढे कितीतरी वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

मिस्त्री गेले ते साध्या तापाचं निमित्त होऊन. दवाखान्यात न्यायची तयारी चाललेली असताना, खाटेवर बसल्या बसल्या. वैरागहून कलाक्काची चुलती आली आणि तिने रीत म्हणून कलाक्काचं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या. मला वाटलं, कलाक्का काहीतरी बोलेल. कलाक्का बोलली नाही. दिवसकार्य झाल्यावर तिने पदराचं टोक ओलं केलं, भिंतीजवळ गेली आणि थोरलीच्या कपाळावरचं काचेवरचं कुंकूही पुसून टाकलं. काचेखालचा जुना ठिपका तेवढा तिच्या हाताला लागणारा नव्हता.

त्यानंतर भिंतीपलीकडे शांतता झाली. पाण्याचा वार यायचा आणि जायचा, थोरलीला कोणी सांगायचं नाही. कलाक्का आता चित्राकडे पाठ करून बसायची. मिस्त्रींचं मोठ्या डायलचं घड्याळ मनगटाला बांधलेलं, ते सैल होऊन कोपरापर्यंत सरकायचं. चटणीची वाटी यायची, पण कुटण्याचा आवाज यायचा नाही. मिक्सरवर करायला लागली होती.

मी शिकलेला माणूस. मला वाटलं, इथे आपलं काम आहे. मी एका दुपारी तिच्यासमोर बसून विधवांच्या प्रश्नावर व्याख्यान दिलं. समाज, रूढी, समता, सगळं आलं. मधे एकदा माझाच आवाज माझ्याच बोलण्याने भरून आला. कलाक्काने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“सर, च्या घेनार का?”

मग मी कॉलनीच्या बैठकीत विषय मांडला. आपल्याकडे असा भेद पाळू नये, असं मी म्हणालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राजमाने काकूंनी सगळ्यात जोरात वाजवल्या. संक्रांत आली, घरोघर हळदी-कुंकू झालं, आणि कलाक्काला बोलावणं कोणीच केलं नाही. मी तणतणत घरी आलो तर सुनंदा म्हणाली, “अहो, आपल्याही घरी आज हळदी-कुंकू आहे. तुम्हीच सकाळी सामान आणलंत. तुम्ही तरी म्हणालात का, अक्काला बोलाव?” मी म्हणालो नव्हतो. माझ्या डोक्यात व्याख्यान होतं.

बायका गेल्यावर सुनंदा करंडा आणि तिळगूळ घेऊन शेजारी गेली. मीही मागोमाग गेलो, दाराशी थांबलो. कलाक्काने तिळगूळ घेतला आणि करंड्यावर हात ठेवला.

“नगं, सुनंदे.”

“अक्का, तुम्हीच म्हणाला होता ना त्या दिवशी, सगळ्यांसमोर...”

“म्हनले हुते की. दुसऱ्याच्या कपाळाचं बोलनं सोपं असतंय गं. सवताच्या कपाळावर आलं की आपलंच डोस्कं आपल्याला हो म्हनत न्हाई.” ती पहिल्यांदाच मान वळवून थोरलीकडे बघत म्हणाली, “ही बाई इतकी वर्सं माज्या म्होरं बसली. हिला सगळं ठावं हुतं. हातात नवरा बांदून बसली, आन् मला एक अक्षर बोलली न्हाई बग.” आणि रडली. मिस्त्री गेल्यापासून ती आमच्यासमोर रडली नव्हती. सुनंदाही रडली. दाराबाहेर मीही रडलो, हे लिहायला हरकत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रेखा आणि जावई तिला सांगोल्याला न्यायला आले. घर भाड्याने द्यायचं ठरलं. सामानाची बांधाबांध झाली, भांडी पोत्यांत गेली, उखळ कोणी उचलेना म्हणून ते राजमाने काकूंना दिलं. थोरलीचं काय, हे विचारायचं धाडस कोणाला होईना. निघायच्या आदल्या दिवशी कलाक्का स्वतःच म्हणाली, “सर, ती तुमाला घ्या. तुमाला तिची भाषा येती.”

इतक्या वर्षांनी मला खरं सांगायची संधी होती. मी मान डोलावली आणि रात्रीच खिळा कुठे मारायचा ते ठरवून टाकलं. ‘आपल्या शहरातील युरोप’चा फलक अजून माळ्यावर होता.

सकाळी टेम्पो दारात लागला. कॉलनीतल्या बायका जमल्या. सुनंदाने करंडा आणला होता. रेखा सासरी निघाली होती, तिला हळदी-कुंकू लावून ओटी भरली. मग सगळ्या थांबल्या. कलाक्का पुढे उभी होती, डोक्यावरून पदर, हातात मिस्त्रींचं घड्याळ, आणि कोणाच्या हाताला कुठे जावं ते कळत नव्हतं. ती अवघड वेळ टाळायला मी माझ्या सवयीप्रमाणे काहीतरी काम काढलं. आत जाऊन थोरलीला खिळ्यावरून उतरवलं आणि दोन्ही हातांत छातीशी धरून बाहेर निघालो. वजन माझ्या अंदाजापेक्षा बरंच जास्त निघालं.

मी उंबऱ्यात पाय टाकणार तोच कलाक्का म्हणाली, “थांबा, सर. अशीच कुटं काडता तिला?”

मी एक पाय उचलून थांबलो.

“माज्या घरातनं बाई उगड्या कपाळानं भायेर गेल्याली न्हाई आजवर. सुनंदे, थोरलीला लाव.”

सुनंदा पुढे आली. चौकट माझ्या कमरेपासून हनुवटीपर्यंत होती. पाठीमागून मला चित्र दिसत नव्हतं, काच दिसत नव्हती. वरून फक्त सुनंदाचं बोट येऊन टेकलेलं कळलं. ती बाजूला झाली आणि कलाक्का बघायला जवळ आली. ती चित्राकडे बघत होती. मग ती जरा वाकली. मग किंचित डावीकडे सरकली. मला वाटलं, धूळ बघतेय, तिची जुनी सवय. ती पुन्हा तसूभर वर झाली आणि तिथे अगदी स्तब्ध राहिली. सकाळचं ऊन तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं आणि ती काचेत बघत होती. काय बघत होती, ते मला उशिरा कळलं: काचेत उमटलेलं स्वतःचं कपाळ, बरोबर त्या कुंकवाखाली आणलेलं. मला सगळंच उशिरा कळतं.

“सुनंदे,” ती काचेवरची नजर न काढता म्हणाली, “बोट पुसू नगंस.”

सुनंदाचा हात पदराकडे निघाला होता. तो थांबला.

“हितं बी टेकव.”

आणि तिने डोक्यावरचा पदर मागे सारून कपाळ पुढे केलं. सुनंदाने बोट टेकवलं. कुंकू थोडं तिरपं लागलं. मग राजमाने काकू गर्दीतून वाट काढत पुढे आल्या, करंड्यात बोट बुडवलं आणि त्या तिरप्या कुंकवावर नीट गोल करून लावलं. “आमच्या सुनंदाला सरळ कधी लावता येतच नाही,” त्या म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. त्यांच्या मागे आणखी दोघी-तिघी आल्या.

मी अजून एका पायावर होतो.

“द्या हिकडं, सर,” कलाक्का म्हणाली आणि तिने चौकट माझ्या हातातून काढून घेतली. “थोरली येती माज्यासंगट. रागवू नगा.”

भांड्यांबरोबर तिला मागे ठेवायला कलाक्का तयार झाली नाही. थोरली पुढे केबिनमधे बसली, ड्रायव्हर आणि कलाक्का यांच्या मधे, तोंड रस्त्याकडे करून. टेम्पो सुरू झाला आणि त्या गडबडीत मला काहीतरी बोलावंसं वाटलं. जे येत होतं तेच तोंडातून निघालं. “वो इस्ट डेर बानहोफ!” मी ओरडलो.

कलाक्काने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “हां हां, सांगते तिला!” ती ओरडली. टेम्पो वळून सात रस्त्याकडे लागला. वळताना पुढच्या काचेतून ड्रायव्हर दिसला, आणि त्याच्या शेजारी दोन कपाळं दिसली, दोन्हींवर कुंकू. मी हात हलवायचा म्हणून पाहिलं तर माझे दोन्ही हात अजून चौकट धरल्यासारखेच होते. सुनंदाने येऊन ते खाली केले.